रोजची आयुधपूजा

दोन महिने गोमतीच्या घरात रोज आयुधपूजा होती. सकाळी कॉफी झाली, की तिचा नवरा राधाकृष्ण दारातल्या मोटरसायकलीपाशी जाऊन पाने शोधायला लागे. मग गोमती आतून सांगायची, आज आयुधपूजा, हत्यारं देवीपुढे आहेत, हात लावायचा नाही. आणि ती खरंच देवीपुढे असायची, पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळी गंधकुंकू लावून मांडलेली. राधाकृष्ण हात जोडायचे, बरं, उद्या म्हणायचे आणि बाहेरच्या तिण्णैच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना आदला दिवस आठवायचा नाही.

लबाडीच होती ती, पण करते काय बिचारी? उन्हाळ्यात ते भाजी आणतो म्हणून गाडीवरून गेले, ते संध्याकाळी शेजारच्या व्यंकटरमणाला पार तिरुनीलक्कुडीच्या देवळाबाहेर सापडले. गाडीवर नीट बसलेले होते, फक्त आपलं घर कुठलं ते सांगता येत नव्हतं. तेव्हापासून गोमतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ली लपवून पाहिली, तर दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या त्यांनी, आणि जेवले नाहीत. शेवटी उभ्याउभ्या गाडीचा पुढचा ब्रेकच असा आवळून बसला, की चाक तसूभर हलेना. गोमतीनं त्या गंजाला मनातल्या मनात हात जोडले. ब्रेक अडकलेला आहे तोवर माणूस घरात आहे, एवढं तिला कळत होतं.

आज मात्र तिचीच पंचाईत झाली. काल खरीखुरी, खंडेनवमीची आयुधपूजा होऊन गेली होती. आज विजयादशमी. समोरच्या रिक्षेला केळीचे खांब अजून बांधलेले होते. पूजेतलं हत्यार आज थोडंतरी चालवायचंच असतं, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं, आणि राधाकृष्णांना ते कालचं जेवण आठवत नसलं तरी पक्कं आठवत होतं. दोन महिन्यांच्या खोट्या पूजा देवी पोटात घालील. खऱ्या पूजेत मोडता घालायची गोमतीची छाती झाली नाही. तिनं स्वतःच सकाळी आरती केली. त्यांनी बारा नंबरचा पाना डोळ्यांना लावला आणि बाहेर नेला.

मग काय, तिचं कशात लक्ष लागेना. सुंडलाच्या उसळीसाठी शिजायला टाकलेले हरभरे खाली लागले. ती दहादा बाहेर आली, दहादा आत गेली. राधाकृष्णांनी दोन बोल्ट सोडवून ब्रेकचा कॅलिपर चाकावरून उतरवला, पॅड काढले, झिजलेत का ते उजेडात धरून बघितलं. ज्या हातांना शर्टाची बटणं जमेनाशी झाली होती ते हात इथं एकदाही अडखळत नव्हते. तिला कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचा रागही आला. ब्रेकची मूठ दाबली, पिस्टन ढिम्म हलला नाही. पुन्हा दाबली, नाही. नकोच हलू देऊ बाई, असं ती देवीला म्हणाली.

इतक्यात त्यांनी वर बघितलं आणि तिच्याकडं फडकं मागितलं. तमिळमध्ये मागितलं, दुकानातल्या माणसाकडं मागावं तसं, अदबीनं. घरात मराठी सोडून तमिळ बोलायची त्यांची रीत नव्हती. तिनं फडकं आणून दिलं.

त्यांनी पिस्टनची कड पुसली, ब्रेक ऑइलचे दोन थेंब सोडले, लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकलं आणि मूठ दाबली. पिस्टन जरासा सरकला. त्यांनी तो अंगठ्यांनी आत ढकलला, पुन्हा मूठ दाबली, पुन्हा आत ढकलला. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. दमला असाल, दोन घास खाऊन घ्या, असं ती दोनदा म्हणाली. त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही. मग पॅड बसले, कॅलिपर बसला, बोल्ट आवळले गेले. त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं, आणि ते गरगर फिरलं. मूठ दाबली, जागच्या जागी थांबलं. त्यांनी हे तीनदा करून बघितलं.

गोमती पायरी उतरून गाडीच्या आडवी उभी राहिली.

"कोठं जायचंय तुम्हाला?"

"मला?" राधाकृष्ण हात पुसत म्हणाले. "मला कोठं जायचंय आता? व्यंकटरमणाला फोन लाव. गाडी घेऊन जा म्हणावं. कधीचा विचारतोय तो."

तिला आधी कळलंच नाही. मग ती चिडलीच. द्यायचीच होती, तर महिनोन् महिने हा घोर कशाला लावलात तिच्या जिवाला, असं तिनं विचारलं.

"ब्रेक अडकलेली गाडी दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची, गोमती?"

याच गाडीवर मागं बसून ती नाचियार्कोविलला समई आणायला गेली होती, लेकीच्या, कीर्तीच्या बारशाला. सुटले एकदाचे, असं वाटायला हवं होतं. तिला भडभडून आलं.

"असू दे," ती म्हणाली. "सणाचा दिवस आहे. उद्या लावते फोन."

राधाकृष्णांनी तिच्याकडं बघितलं. नीट, ओळखून बघितलं.

"आत्ता लाव," ते म्हणाले. "उद्या मी नाही म्हणेन."