चार टोमॅटो

हौसाबाईंच्या पदराची गाठ फुगलेली दिसली, तशी खांबेटेबाईंनी मान फिरवली. काचघरातली टोमॅटोची सगळी झाडं आज जाळायची होती. नुसता खाल्ला तरी पटकीची लस पोटात जाईल, असा टोमॅटो त्यांनी अकरा वर्षं खपून घडवला होता. सरकारची परवानगी काही मिळाली नाही. झाडांना पाणी घालणाऱ्या हौसाबाईंची थोरली नात गेल्या वर्षी पटकीनेच गेली होती. धाकटीसाठी चार टोमॅटो जात असतील, तर जाऊ देत.

आठवड्याने हौसाबाई काचघराची किल्ली परत करायला आल्या.

"चोरी केली म्या, बाई. चार टोमॅटो नेले."

"ठाऊक आहे मला. पोरीने खाल्ले का?"

"खाल्ले म्हंजे? वाटी चाटूनपुसून लख्ख केली!"

"वाटी?"

"सार केलं न्हवं का! तुमीच तर सांगता, उकळल्याबिगर पोरीच्या तोंडात कायबी घालू नका. थोरलीच्या वक्ताला चुकले. आवंदा चांगलं खळाखळा उकळलं."

उकळल्यावर त्यात लस उरत नाही, हे सांगायला खांबेटेबाईंनी तोंड उघडलं. वर्षभरात पहिल्यांदाच हौसाबाई हसत होत्या.

"आता तिला काय व्हायचं न्हाई ना, बाई?"

खांबेटेबाईंनी किल्ली मुठीत धरली. खिडकीबाहेर राखेचा ढीग होता. एक बीसुद्धा मागे ठेवलेलं नव्हतं.

"पाणी मात्र उकळूनच देत जा," त्या म्हणाल्या.