चेपलेली भांडी

"काढ ते खाली. आत्ताच्या आत्ता!"

कलादालनाचं दार ढकलून ताई आली ती तणतणतच. धाकटा भाऊ शिडीवर होता. त्याने तोंडात धरलेला खिळा भिंतीत ठोकला आणि त्यावर एक पातेलं अडकवलं.

अख्खी भिंत आईच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी भरली होती. पोचे आलेली पातेली, वाकलेला झारा, चेपलेले डबे. प्रत्येकाचा तळ बघणाऱ्याकडे आणि तळावर खिळ्याने ओरखडलेली तारीख. तासाभरात लोक येणार होते.

निमंत्रणपत्रिका तिला सकाळीच मिळाली होती. 'रोजच्या वस्तूंमधून घडवलेली कला' आणि खाली नुसतं माहेरचं आडनाव. घरात चित्रकला शिकवणारा एकच. हे कुणाचं डोकं, ते कळायला ज्योतिषी नको होता.

"घरची लक्तरं अशी वेशीवर टांगताना लाज नाही वाटली तुला?"

"मी फक्त खिळे ठोकतोय, ताई."

"साळसूदपणा पुरे! आणि ह्या तारखा कसल्या? ही तर माझ्या वाढदिवसाची. उगाच काहीतरी गूढ करून ठेवायचं!"

भावाने पुढचा खिळा ठोकायला घेतला. त्याने तिचं डोकं आणखीच फिरलं.

"बाबा असते ना, तर यातला एक चमचा हलवू दिला नसता तुला."

"ते मात्र खरं," तो म्हणाला.

आई वेंधळी, ही घरातली जुनी थट्टा. शाळेतून यावं तर ओट्यावर एखादं नवं चेपलेलं भांडं असायचं, आणि बाबा हसून म्हणायचे, "तुझ्या आईच्या हातून आज हे पडलं." ताईही खिदळायची. पण घरातली थट्टा घरात. परक्यांनी येऊन आईला हसायचं म्हणजे काय? संतापाने तिला रडू फुटलं. तिने हात उंचावून एक पातेलं ओढलं.

"राहू दे ते. मोठ्या मुश्किलीने जागेवर बसलंय."

मागच्या खोलीतून आई आली होती, हातात हातोडी घेऊन. तिने पातेलं काढून घेतलं आणि परत टांगलं.

"हे काम माझं आहे. याला शिडीपुरतं बोलावलंय."

ताईने डोळे पुसले. "अगं, पण लोक हसतील तुला! एवढी भांडी पाडलीस म्हणून..."

"माझ्या हातून एकही कधी पडलं नाही," आई म्हणाली. "तुझे बाबा फेकून मारायचे. मी तारीख तेवढी कोरून ठेवायचे."