पर्यावरणाची वाघीण

"बॅटरीची सायकल ही सायकल म्हणायची का गाडी?"

शिवांजलीनं भर ग्रामसभेत हे विचारलं तेव्हा आवाज लाउडस्पीकर गिळल्यासारखा निघाला. मागं पूजा आणि स्वप्नाली तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. "दम असंल तर विचार," अशी पैज त्यांनीच लावली होती. पैज एका मिसळीची होती. मिसळीसाठी शिवांजलीनं विधानसभासुद्धा दणाणून सोडली असती.

पण प्रश्न खरा होता. पाटणकडच्या तिच्या गावातून हायस्कूलला जाणारी जवळची वाट डोंगरावरून होती. रस्त्यानं जायचं तर आख्ख्या डोंगराला वळसा. आणि वाटेवर गाड्यांना बंदी. कारण पार्टीवाले मोटरसायकली वर घालायचे आणि येताना बाटल्या न् वेफर्सच्या पुड्या तिथंच सोडायचे. दहावीचं वर्ष म्हणून पप्पांनी शिवांजलीला नवीकोरी बॅटरीची सायकल घेतली होती. ती रोज बंदीच्या पाटीपर्यंत दिमाखात जायची आणि मुकाट वळायची.

सरपंच शालूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "पायडल मारल्यावर घाम येतो का गं?"

"येतो की!"

खरं तर बॅटरी चालू असताना ती पायडलवर पाय नुसते टेकवायची. शोभेला.

"मग सायकल," शालूबाई म्हणाल्या. "पर वाट आदी साफ करायची. रविवारी मी सोता बघाय येनार. तितं एक जरी प्लास्टिक घावलं, तर बंदी हाय तशी ऱ्हानार."

टाळ्या पडल्या. त्या क्षणापासून शिवांजली जमिनीवर चालेनाशी झाली.

आठवडाभर शाळा सुटली की तिघी पोती घेऊन वाटेवर. पूजा झुडपात शिरायची, स्वप्नाली ओघळीत उतरायची, आणि शिवांजली मध्ये उभी राहून पृथ्वी कशी वाचवायची ते मोबाईलला सांगायची.

"वाघीणबाई," पूजा एकदा काट्यातून ओरडली, "पृथ्वी वाचंल गं. तू जरा वाक!"

ती वाकली, नाही असं नाही. पण आधी कॅमेरा कुठं आहे ते बघून. तरी पोती भरली. सांगलीच्या भंगारवाल्या अरिहंतशेठनं रविवारी टेम्पो आणायचं कबूल केलं. शनिवारी संध्याकाळी वाट घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी दिसत होती.

घरी पप्पांचा ऊर भरून आला होता. नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. बोलायचे कमी. शुक्रवारी रात्री मात्र म्हणाले होते, "एवढं काम केलंस पोरी. गावाला कळाय नको?"

"कळायलाच पाहिजे!" शिवांजली म्हणाली. फोटोही तिनंच निवडला. गॉगलवाला.

रविवारी सकाळी शालूबाई आल्या. पदर खोचून पार वरपर्यंत चढल्या. दगड उलटले, काठीनं झुडपं चाळली. त्यांच्यामागं शिवांजली, तिच्यामागं निम्मं गाव. कुठं गोळीचा कागद नाही, कुठं बाटलीचं टोपण नाही. खाली वाटेच्या तोंडाशी येऊन शालूबाई थांबल्या. तिथं शिवांजलीची आई आणि पप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

"शाब्बास," शालूबाई म्हणाल्या. "एकच ऱ्हायलं बग."

"कुठाय?"

शिवांजलीनं पायाखाली बघितलं. बाभळीच्या बुडाशी बघितलं. गुडघ्यावर बसून दगडामागं बघितलं. या वेळी कॅमेरा न शोधता. पूजा आणि स्वप्नालीनं पुन्हा ओढण्या तोंडात कोंबल्या होत्या.

"खाली न्हवं," शालूबाई म्हणाल्या. "वर बग. दहा बाय आठचं हाय."

दोन झाडांच्या मध्ये, गॉगल लावून, हाताची घडी घालून, शिवांजली शिवांजलीकडं बघत होती. डोक्यावर अक्षरं होती : प्लास्टिकमुक्त डोंगराची शिल्पकार, पर्यावरणाची वाघीण.

गाव एवढं हसलं की टेम्पोजवळची कुत्री उठून पळाली.

"अरिहंतशेठ, हे बी घ्या," ती कसंबसं म्हणाली.

"न्हाई चालत ते, ताई," अरिहंतशेठ पोती चढवत म्हणाले. "बाटल्या घेतो. फ्लेक्स कोन घेतंय?"

"कुटं टाकायचं ते तुमी बगा," शालूबाई म्हणाल्या. "वाटंवरनं हाललं की सायकल सोडते."

पेढ्यांचा पुडा पप्पांनी हळूच पाठीमागं धरला. जणू चोरी सापडली. शिवांजलीला हसणाऱ्या गावाचं तितकं वाटलं नव्हतं. त्या पुड्याचं मात्र वाटलं.

ती दोरी सोडायला झाडावर चढली. जवळून फ्लेक्स पहिल्यांदाच बघत होती. काल पाच वेळा येऊन बघितला होता, पण फक्त स्वतःला. खाली शुभेच्छुकांची रांग होती. दोन मामा, तालमीचा वीरधवल, कधी घरी न फिरकणारे चार पाहुणे. आणि सगळ्यात शेवटी, दोरीच्या भोकाला चिकटून, पोस्टाच्या तिकिटाएवढे पप्पा. फौजेची टोपी घातलेले. फ्लेक्स त्यांनी छापून घेतला आणि स्वतःला जागा उरली तेवढी घेतली.

फ्लेक्स धपकन खाली आला. शिवांजली त्याच्यावरच उतरली. स्वतःच्या छापील नाकावर.

"आई, पप्पा, माझं ठरलं," ती पायाखालच्या फ्लेक्सकडं बोट करून सगळ्यांसमोर म्हणाली. "मी आपल्या गोठ्यावर चालले. छपराला, तोंड म्हशीकडं करून. पप्पा, तुमचा तेवढा तुकडा मी कापून घेणार. तुम्ही माझ्या हँडलवर. मी पायडल मारते का नुसतेच पाय टेकवते, ते बघायला."