फरशीची साक्ष

चौकशीचे साहेब मंगल कार्यालयातच आले होते. फरशीला विचारलं, तशी ती खणखणीत बोलली, "पाणी सांडलंय, जपून चाला, असं मी ओरडले होते."

"झालं तर!" मालक घोरपडे हसले. "फरशीने सांगूनही जो पडला, त्याला भरपाई नाही. कायदाच आहे."

वैजयंता मोडलेला हात गळ्यात बांधून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिची सासू तानूबाई पदर खोचून उठली.

"मला कायदा नका शिकवू, घोरपडे. तुमच्याच पंगतीत वाढताना पडलीय माझी सून. ए फरशे, हिला हाक मार बघू आता."

"वैजयंताबाई!" फरशी एवढ्याने ओरडली की साहेब दचकले. वैजयंताने मानही वळवली नाही.

"जन्मापासून ऐकू येत नाही तिला," तानूबाई म्हणाली. "माझं बोट हललं तरी समजतं. फरशे, तुला तुझ्या कडेचा साधा दिवा लावता आला नाही?"

फरशी हळूच म्हणाली, "साहेब, माझं बोलणं खोडा. मी हिला सांगितलंच नव्हतं."

तानूबाईने ते बोटांनी सुनेला सांगितलं. वैजयंता खाली वाकली आणि धडधाकट हाताने तिने फरशीला थोपटलं.