बोलणं चालू आहे का?

सर्व्हर तुंबला होता. पलीकडे कुणीच न उरलेली कनेक्शनं जागा अडवून बसली होती. नव्या ग्राहकांना आत शिरता येईना. “सगळी तोड ना,” सहकारी वैतागला. “आधी विचारायचं,” सर्व्हर सांभाळणारी ती म्हणाली. “मेलेला थोडाच सांगणार, मेलो म्हणून?” तो म्हणाला. तिचे बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लहानपणी ती त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायची. लाइन गप्प झाली की ते तीनदा विचारायचे, “बोलणं चालू आहे का?” उत्तर आलं नाही, तरच लाइन जोडणारी पितळी पिन उपसायचे. तिने प्रोग्रामला तेच शिकवलं. एकेक कनेक्शन सुटत गेलं. शेवटचं मात्र घरचं निघालं. लेकीचं काम बघायला बाबांनी उघडलेलं, ते गेल्यापासून तसंच राहिलेलं. तीनदा विचारून झालं होतं. तिने प्रोग्राम थांबवला. आठवण म्हणून टेबलावर ठेवलेली त्यांची पिन मुठीत धरून स्वतः चौथ्यांदा विचारलं, आणि मग कनेक्शन तोडलं.