वसंतात पुन्हा घोड्यावर

डॉक्टरीणबाईंनी बुरुलला एकटीला आत बोलावलं आणि तिच्या नवऱ्याला, एसेनकुलला, बाहेरच्या बाकावर बसवलं. गाठ ह्याच्या मांडीत, आणि निकाल बायकोच्या कानात! डोंगरातल्या नारिनला काय, राजधानीत बिश्केकला काय, रीत हीच. दुखणं भारी असलं की आधी घरच्यांना सांगायचं. रोग्याला काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं.

त्याला बसवेना. लंगडत खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला, शेवटी दमून बाकावर टेकला. घोड्यावर बसून मेलेला बोकड एकमेकांकडून खेचण्याच्या खेळात कुणाची तरी रिकीब मांडीला लागली होती. मुका मार असेल, म्हणत चार महिने त्याने ती गाठ मेंढीच्या चरबीने रगडून घेतली. ती मुठीएवढी झाली तेव्हा कुठे तो इथे आला. दहा दिवसांपूर्वी सुई घालून तिचा तुकडा काढताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आता हिला कुणाला हात लावू देऊ नका."

दार उघडलं. बुरुल तोंड धुऊन आली होती.

"चरबीची गाठ आहे," ती म्हणाली. "काढली की झालं. वसंतात पुन्हा घोड्यावर बसाल. चला, हळू उठा हं."

हळू उठा! वीस वर्षांत ही बाई असं कधी बोलली नव्हती. सकाळीच बसमध्ये चढताना ओरडली होती, "चढा की लवकर, बोकड दाखवू का?" एसेनकुल उठून तिच्यासमोर उभा राहिला.

"बुरुल, आबांना पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी त्यांना काय सांगितलं होतं?"

ती पिशवीचा बंद बांधू लागली.

"साधा अल्सर आहे, म्हणालो. वसंतात पुन्हा घोड्यावर बसाल, म्हणालो. तू तिथेच चहा ओतत होतीस. म्हातारा मरेपर्यंत विचारत होता, खोगीर शिवलंस का रे? आणि मी आपला हो म्हणायचो."

बुरुल मटकन बाकावर बसली.

"कॅन्सरच आहे," ती रडत म्हणाली. "आधी महिनाभर किरणं देणार, मग कापून काढणार. पाय बहुतेक वाचेल म्हणतात, पण मांडीचं बरंच मांस जाईल. घोड्याचं काही सांगता येत नाही."

त्याला भीती वाटली, भयंकर वाटली. तरी तो भिंतीला धरून दारापाशी गेला.

"बाई, गाठ माझी आहे," त्याने हाक मारली. "आता मला सांगा."

"अहो, बूट!" मागून बुरुल खेकसली. नाक अजून वाहत होतं तिचं. "चिखल घेऊन आत निघालात, तबेला आहे का तो?"

एसेनकुल थांबला. त्याने निमूटपणे दोन्ही बूट पायपुसण्यावर पुसले. दुखऱ्या पायाचा जरा जास्तच वेळ पुसला.