मूळचा हॉर्न

भिसेगावच्या गोपाळकृष्णांनी तरुणपणी भंगारातून आणलेली फियाट म्हातारपणी दुरुस्त होऊन उभी राहिली. भाग न् भाग मूळचा, फक्त हॉर्न मिळेना आणि त्यावाचून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बक्षीस नाही. ऐन प्रदर्शनाच्या आठवड्यात तसाच हॉर्न कशेळ्याच्या एका प्रवासी जीपवर वाजताना ऐकू आला.

"न्या की काका," जीपवाला रूपेश म्हणाला. "पन डोंगरातली धोंडूबाय याच आवाजावर रस्त्याला येते. दिसत नाय तिला."

गोपाळकृष्णांनी पाना काढला, हॉर्न उतरवला, पुसून साफ केला आणि जीपवरच पुन्हा घट्ट बसवला.

प्रदर्शनात परीक्षक गाडीभोवती फिरून आले. "वा! सगळं मूळचं. पण हॉर्न कुठाय?"

"कशेळ्याला नोकरीला असतो," गोपाळकृष्ण म्हणाले. "आज सुटी मिळाली नाही."